सामाजिक विकासाचं माहिती-पोर्टल सांगलीत बसून कसं आखावं

वारणानगरच्या परिसरात 1998 मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या 70 गावांमध्ये संगणक केंद्रं उभी राहिली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि वारणा सहकारी समूहाचा हा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प देशभर गाजला. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी योजना, शिक्षण असं बरंच काही तिथून मिळणार होतं. प्रत्यक्षात केंद्रावर येणारा शेतकरी विचारायचा ते उसाचं वजन किती भरलं, बिल किती निघालं आणि खत कधी मिळणार. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या एका गटाने त्यातल्या काही गावांत हीच कामं मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिली. ती जमली आणि खर्चही कमी आला.

दुसरं टोक जागतिक बँकेचं. 2001 च्या सुमारास बँकेने 'डेव्हलपमेंट गेटवे' उभं केलं. जगभरातल्या विकासप्रश्नांची माहिती एका दारातून मिळावी, ही कल्पना. त्यावर संशोधकांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी टीकेची झोड उठवली. ज्या धोरणांवर वाद आहे ती बँकेची, आणि त्या वादातलं काय आत घ्यायचं हे ठरवणाराही बँकेच्याच छायेतला, हे कसं चालेल, असा आक्षेप होता.

सांगली-साताऱ्यातलं एखादं महाविद्यालय, ग्रंथालय किंवा संस्था असं माहिती-पोर्टल हाती घेणार असेल तर या दोन्ही गोष्टी समोर ठेवाव्यात. जगातली माहिती गोळा करणं हे आता कामच राहिलेलं नाही, ती फोनवर पडलेलीच आहे. इथल्या माणसाच्या प्रश्नाला लागू पडेल तेवढी निवडायची, तिची तारीख आणि एकक तपासायचं, मराठीत नीट मांडायची आणि पाच वर्षांनीही ती खरी राहील याची सोय करायची, हे काम आहे. पुढची सगळी आखणी त्यासाठी.

आधी प्रश्न गोळा करा

पहिल्याच बैठकीत नाव, लोगो आणि डोमेनवर चर्चा सुरू झाली तर चहा पिऊन बैठक मोडावी. आधी एक वही करा आणि लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. सार्वजनिक वाचनालयातला ग्रंथपाल, आशाताई, बचत गटाची अध्यक्ष, तालुक्याचा बातमीदार, समाजकार्याचे आणि स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, ग्रामसेवक या सगळ्यांकडे जा. 'तुम्हाला कोणती माहिती हवी?' असं विचारू नका, त्यावर सगळे 'योजनांची' म्हणतात. 'गेल्या महिन्यात कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधताना अडलात?' असं विचारा.

मग वहीत वेगळंच काही उतरतं. जतकडचा माणूस विचारतो, म्हैसाळ योजनेच्या टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही, बाकी जगात टेलच्या शेतकऱ्याला न्याय कसा देतात? भिलवडी-पलूसकडचा विचारतो, पूररेषेत घर आलं तर दुसऱ्या देशांत उठवतात की भरपाई देतात? आशाताई विचारते, गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन का चढत नाही? ऊसतोडीच्या फडाजवळच्या शाळेतले गुरुजी विचारतात, ही पोरं मार्चनंतर कुणाच्या पटावर? हे प्रश्न गावचे आहेत, पण त्यांची उत्तरं अर्ध्या जगात विखुरलेली आहेत. पोर्टलचे विषय या वहीतून निघू द्या.

इथे एक मोह आवरावा लागतो. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टं आणि 169 लक्ष्यं ठरवली. नवं पोर्टल काढणारे बहुतेक जण हीच 17 रंगीत चौकटी पहिल्या पानावर मांडून मोकळे होतात. देणगीदारांना ते आवडतं. पण आटपाडीची बाई 'उद्दिष्ट क्रमांक 6' शोधत येत नाही, ती 'टँकर' शोधत येते. उद्दिष्टांचे क्रमांक प्रत्येक नोंदीच्या मागच्या बाजूला खूण म्हणून ठेवा, संशोधकाला आणि अहवाल लिहिणाऱ्याला ते लागतात. दर्शनी भागात मात्र वहीतलेच शब्द हवेत.

सुरुवातीला चार विषय पुरेत. आपल्या भागासाठी मी हे चार घेईन: पूर आणि हवामान, दुष्काळ आणि पाणीवाटप, ऊसतोड आणि स्थलांतर, मुलींची संख्या आणि बायकांचं आरोग्य. सातारचं पोर्टल असेल तर धरणग्रस्तांचं पुनर्वसन हा पाचवा, कारण कोयनेच्या धरणग्रस्तांचा प्रश्न आणि धरणांवरच्या जागतिक आयोगाचा 2000 सालचा अहवाल एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. मेधा पाटकर त्या आयोगाच्या सदस्य होत्या, हेही इथल्या वाचकाला सांगायला हवं.

सरकारी योजनांची माहिती पुन्हा लिहीत बसू नका. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं 'विकासपीडिया' ते काम मराठीतही करतं. तिकडे दुवा द्या आणि आपलं बळ वाचवा.

वाचक एकच ठरवा

'सर्वांसाठी' असं लिहिलेलं पोर्टल कुणीच वापरत नाही. माझ्या मते आपला वाचक शेवटचा शेतकरी किंवा मजूर धरू नये. त्याच्यापर्यंत गोष्ट पोचवणारा धरावा: शिक्षक, आशाताई, कार्यकर्ता, बातमीदार, विद्यार्थी. त्यांना वाचता येतं, वेळ थोडा असतो आणि उद्या कुठेतरी बोलायचं असतं. हा वाचक डोळ्यांसमोर असला की लेखाची लांबी, भाषा, आकड्यांची मांडणी सगळं आपोआप ठरत जातं.

एक पान पूर्ण करून बघा

सगळा आराखडा कागदावर करण्याआधी एकच विषय घ्या आणि त्याचं पान शेवटपर्यंत तयार करा. मी मुलींच्या संख्येचा विषय सुचवतो. तो आपल्या अंगणातला आहे. 2011 मध्ये सातारा जिल्हा परिषदेने 'नकुशी' नावाच्या मुलींना नवी नावं दिली आणि ती बातमी परदेशी वर्तमानपत्रांतही गेली. शिवाय या एका विषयात माहितीचे सगळे सापळे भेटतात.

पहिला सापळा तारखेचा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे मुली किती, याची दोन उत्तरं इंटरनेटवर फिरतात: 883 आणि 894. दोन्ही सरकारीच. पहिला तात्पुरत्या आकडेवारीतला, दुसरा अंतिम. जिल्ह्यांच्या आकड्यांतही असाच फरक पडतो. पानावर अंतिम आकडा द्यायचा आणि तात्पुरता का बदलला ते एका ओळीत लिहायचं. नाहीतर पहिल्याच व्याख्यानात कुणीतरी हात वर करून तुमच्या कार्यकर्त्याला खोटं पाडतं.

दुसरा सापळा मोजण्याच्या रीतीचा. आपण हजार मुलांमागे मुली मोजतो, तर आंतरराष्ट्रीय अहवाल शंभर मुलींमागे मुलगे मोजतात. आपल्याकडे आकडा वाढला तर आनंद, तिकडे वाढला तर चिंता. निसर्गतः शंभर मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्मतात, म्हणजे आपल्या भाषेत हजारामागे सुमारे 950 मुली. आपलं 894 तिकडच्या मापाने जवळजवळ 112 होतं. हे रूपांतर पानावर तयार हवं, वाचकाला कॅल्क्युलेटर काढायला लावू नये.

तिसरा सापळा: जन्माच्या वेळचं प्रमाण आणि 0 ते 6 वयोगटाचं प्रमाण या वेगळ्या गोष्टी आहेत. जन्मनोंदणी, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आणि जनगणना यांचे आकडे एका ओळीत मांडून 'घसरले', 'सुधारले' म्हणणं चूक. वर्तमानपत्रांत हे सर्रास होतं.

एवढं झालं की मग जगाकडे बघायचं. दक्षिण कोरियात 1987 मध्ये गर्भलिंगनिदानावर बंदी आली, तरी 1990 मध्ये तिथे शंभर मुलींमागे 116 हून जास्त मुलगे जन्मत होते, म्हणजे आपल्या मोजणीत हजारामागे 860 च्या आसपास. त्यानंतर पंधरा-वीस वर्षांत हे प्रमाण पुन्हा नैसर्गिक पातळीजवळ आलं. तिथे काय बदललं? कायद्याची अंमलबजावणी, मुलींचं शिक्षण आणि नोकऱ्या, शहरीकरण, वारसाहक्काचे नियम यांतल्या कशाला किती श्रेय द्यायचं यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि तो वाद पानावर वाद म्हणूनच यायला हवा. आपल्याकडचा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा 1994 चा. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की 'कायदा आहे ना, मग झालं' असं म्हणणाऱ्याला उत्तर देण्याजोगं साहित्य कार्यकर्त्याच्या हातात येतं. पोर्टलने एवढंच करायचं.

हे एक पान बनवताना किती वेळ गेला, कोण अडलं, कुठला अहवाल मिळाला नाही, हे लिहून ठेवा. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक त्यावरूनच निघेल.

नोंद कशी करायची

ग्रंथालयशास्त्रात 'डब्लिन कोअर' नावाचा 15 घटकांचा नमुना नव्वदच्या दशकापासून वापरात आहे. तो पूर्ण भरायला गेलात तर तिसऱ्या आठवड्यात उत्साह संपतो. आठ रकाने ठेवा: शीर्षक, कोणी केलं, प्रकाशनाचं वर्ष, आकडे कोणत्या वर्षाचे (हे वेगळं असतं!), कुठल्या प्रदेशाबद्दल, विषय, परवाना, दुवा. सुरुवातीला साधी स्प्रेडशीट चालेल. शिस्त महत्त्वाची. 'सातारा', 'सातारा जि.' आणि 'जिल्हा सातारा' असं तीन जणांनी तीन तऱ्हांनी भरलं की पुढे शोध चालत नाही.

प्रत्येक नोंदीला शंभर-दीडशे शब्दांचा मराठी सारांश हवा. त्यात कोणी, कधी, कुठे आणि किती लोकांना विचारलं, काय आढळलं, पैसा कुणाचा होता, हे यावं. शेवटी 'आपल्याकडे कितपत लागू' अशी एक ओळ. ही ओळ लिहिणं सर्वांत अवघड, आणि तिच्याशिवाय मूळ इंग्रजी अहवालाचा दुवा दिला तरी तेवढंच काम होईल. इंग्लंडच्या ससेक्समधल्या विकास अध्ययन संस्थेचं 'एल्डिस' हे माहिती-पोर्टल 1996 मध्ये सुरू झालं आणि संशोधकांत रुजलं ते निवडक अहवाल आणि त्यांचे नेमके सारांश यांच्या जोरावर.

एककांसाठी एक कायमचं पान करा. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2.83 कोटी घनमीटर, म्हणून कोयनेचं 105 टीएमसी म्हणजे साधारण 297 कोटी घनमीटर. परदेशी अहवाल मिलियन-बिलियनमध्ये बोलतात, आपण लाख-कोटीत. ते हेक्टर लिहितात, आपला शेतकरी एकर-गुंठ्यात हिशेब करतो. गरिबीच्या रेषेचंही तसंच. जागतिक बँकेची रोजची रेषा 2015 मध्ये 1.90 डॉलर होती, 2022 मध्ये 2.15 झाली, 2025 मध्ये 3 डॉलर. या वाढीतला मोठा भाग किमतींचं आधारवर्ष आणि मोजणी बदलल्यामुळे आहे. आणि हे डॉलर क्रयशक्तीचे, म्हणजे त्या त्या देशात तेवढ्या पैशात काय विकत मिळतं यावर बेतलेले असतात, बाजारातल्या दराने रुपयांत गुणायचे नसतात. हा गुणाकार केलेली भाषणं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत.

मराठी टायपिंग आणि शोध

जुन्या संस्थांकडे श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटमधला उत्तम मजकूर पडून असतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, आणल्याशिवाय इंटरनेटवर तो असून नसल्यासारखा. रूपांतरक वापरा, पण नंतर माणसाने एकदा वाचलंच पाहिजे, जोडाक्षरं हमखास बिघडतात. स्कॅन केलेल्या पीडीएफचं मजकुरात रूपांतर करतानाही तेच.

शोधात खरी गंमत होते. 'ॲनिमिया' या शब्दातलं पहिलं अक्षर निदान तीन तऱ्हांनी टाईप होतं. स्क्रीनवर तिन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ते तीन वेगळे शब्द वाटतात. 'ऊसतोडणाऱ्या' मधल्या अर्ध्या र चंही तसंच. तुमच्या तांत्रिक माणसाला पहिल्याच दिवशी सांगा की मजकूर साठवताना आणि शोधताना ही रूपं एकच धरायची. त्याशिवाय समानार्थी शब्दांची यादी हवी: रक्तक्षय, पांडुरोग, रक्त कमी, ॲनिमिया, तसंच बचत गट, स्वयंसहाय्यता गट, एसएचजी. लोक काय टाईप करून रिकाम्या हाताने परत गेले याची नोंद दर महिन्याला बघा आणि यादी वाढवत न्या.

ऊसतोडीच्या विषयात तर इथली भाषा आणि जगाची भाषा यांची गाठ घालून द्यावी लागते. मुकादमाने दिलेली उचल, ती फेडेपर्यंत टोळीला बांधलेला 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे शब्द आंतरराष्ट्रीय अहवालांत नसतात. तिथे ते कर्जापोटी वेठबिगारी आणि सक्तीचे श्रम या नावाखाली येतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा सक्तीच्या श्रमांबाबतचा 29 क्रमांकाचा करार 1930 चा, भारताने तो 1954 मध्ये मान्य केला. बालमजुरीबाबतचे 138 आणि 182 क्रमांकाचे करार आपण 2017 मध्ये स्वीकारले. 'उचल' असं शोधणाऱ्याला हे तिन्ही करार मराठी सारांशासह दिसले पाहिजेत.

परवाने

सरकारी आहे किंवा संयुक्त राष्ट्रांचं आहे म्हणून उचलून छापावं, असं नाही. जागतिक बँकेची खुली आकडेवारी श्रेय देऊन वापरता येते. जागतिक आरोग्य संघटनेची बहुतेक प्रकाशनं व्यापारी वापर सोडून इतरांसाठी खुली असतात. त्यांचं भाषांतर केलं तर ते संघटनेने केलेलं नाही, अचूकतेची जबाबदारी तिची नाही आणि मूळ इंग्रजी आवृत्तीच अधिकृत, अशी सूचना छापावी लागते. परवाना कळत नसेल तर फक्त सारांश आणि दुवा द्या. आपला स्वतःचा मजकूर मात्र क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, व्यापारी वापरालाही मुभा देणाऱ्या परवान्याखाली (CC BY किंवा CC BY-SA) खुला ठेवा, म्हणजे विकिपीडियापासून शाळेच्या हस्तलिखितापर्यंत कुणालाही तो घेता येईल.

काय छापायचं नाही

सांगलीत 'संग्राम' संस्थेने 1992 पासून देहविक्रय करणाऱ्या बायकांबरोबर एचआयव्हीचं काम उभं केलं आणि ते जगभर अभ्यासलं गेलं. असा विषय पोर्टलवर येणारच. एचआयव्हीग्रस्ताची ओळख उघड करण्यावर 2017 च्या कायद्याने निर्बंध आहेत, लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाची ओळख पॉक्सो कायद्यानुसार देता येत नाही. पण कायद्यापलीकडेही एक कसोटी लावावी: गाव, वय, जात आणि व्यवसाय एवढं दिलं की छोट्या गावात नावाची गरजच राहत नाही. पूरग्रस्तांच्या मदतवाटपाच्या याद्या, साखरशाळेतल्या (ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या शाळेतल्या) मुलांचे फोटो, लाभार्थ्यांचे मोबाईल क्रमांक हे 'पारदर्शकता' म्हणून टाकण्याची आपल्याकडे फार हौस. टाकू नका.

संपादक मंडळ आणि पैसा

जागतिक बँकेच्या पोर्टलवर जो आक्षेप आला तो जिल्ह्यातही येतो, फक्त बँकेच्या जागी कारखाना, शिक्षणसंस्था किंवा पुढारी असतो. साखर कारखान्याच्या देणगीवर चालणाऱ्या पोर्टलवर ऊसतोडीचं पान कसं दिसेल? म्हणून तीन गोष्टी लिखित ठेवा. पैसे कुणाकडून आले ते पहिल्या पानावरून एका क्लिकमध्ये दिसावं. देणगीदाराला मजकूर आधी दाखवायचा नाही. आणि काय घ्यायचं, काय नाकारायचं याचे नियम जाहीर असावेत. मंडळात पाच-सहा माणसं पुरतात, पण त्यात एक ग्रंथपाल, एक आकडेवारी कळणारा आणि प्रश्न अंगावर घेतलेली निदान दोन माणसं हवीत. अध्यक्षपद मोठ्या नावाला देऊ नका, सही मिळायला महिने जातात.

खर्चाचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त पैसा संपादकाच्या मानधनाला ठेवा. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, माणूस मिळत नाही. स्वयंसेवक सारांश लिहितात, पण ते तपासायला पगारी डोळा लागतो.

तंत्र आणि पोचवणूक

यावर थोडंच बोलतो, कारण बाकीचे यावरच बोलतात. वर्डप्रेससारखी साधी यंत्रणा घ्या. पानं हलकी ठेवा, स्वस्त फोनवर उघडून बघा, आणि तेही सांगलीच्या बसस्टँडवर नाही तर माणदेशातल्या एखाद्या वस्तीवर. प्रत्येक पानाची एका कागदावर छापता येईल अशी आवृत्ती असू द्या, वाचनालयाच्या फलकावर ती लागते. रेडिओ विसरू नका: म्हसवडचं 'माणदेशी तरंग' आणि जत तालुक्यातल्या जालिहाळचं 'येरळावाणी' ही सामुदायिक केंद्रं आपल्याच दाराशी आहेत. चांगलं पान म्हणजे त्यांच्यासाठी पाच मिनिटांची तयार संहिता.

पुराच्या विषयाला वेगळी सोय हवी. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, जिथे 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका मानतात. अशा दिवसांत वीज जाते, नेटवर्क रडतं आणि सगळा जिल्हा एकाच वेळी साईट उघडतो. पुराचं पान फोटोविना, नुसत्या मजकुराचं ठेवा. सर्व्हर जिल्ह्याबाहेर हवा. आणि पाण्याची ताजी पातळी स्वतः देण्याच्या भानगडीत पडू नका, पाटबंधारे खात्याच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत माहितीकडे बोट दाखवा. जुना आकडा पानावर राहून गेला तर लोक त्यावर विसंबून घरात थांबतील.

देखभाल आणि उत्तराधिकार

प्रत्येक पानावर 'शेवटचं तपासलं' ही तारीख आणि पुढच्या तपासणीचा महिना लिहा. दुवे मरतात, सरकारी साईट नव्याने बांधली की सगळेच एकदम. नोंद करतानाच मूळ पानाची प्रत वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर साठवून तिचाही पत्ता दुव्याच्या रकान्यात टाकून ठेवा. पहिल्या वर्षी शंभर नोंदी नीट केल्या तरी खूप झालं. दुसऱ्या वर्षी नव्या कमी आणि जुन्यांची तपासणी जास्त, असं वेळापत्रक असलं पाहिजे, नाहीतर तिसऱ्या वर्षी अर्धं पोर्टल शिळं होतं.

डोमेन, होस्टिंग आणि ईमेल संस्थेच्या नावावर घ्या, उत्साही पोराच्या जीमेलवर नको. तो पुण्याला नोकरीला गेला की पासवर्डही गेला. पासवर्डची प्रत बंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत, नूतनीकरणाची तारीख लेखापालाच्या वहीत. आणि निधी संपला तर काय, हे सुरुवातीच्याच ठरावात लिहा: कुठल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे सगळ्या नोंदींची फाईल जाईल, पहिल्या पानावर 'अमुक तारखेनंतर अद्ययावत नाही' ही पाटी कोण लावेल, आणि नोंदींची ती फाईल दर सहा महिन्यांनी त्या ग्रंथालयाला कोण पोचती करेल. त्या माणसाचं नाव आणि पोच घेणाऱ्या ग्रंथपालाचा हुद्दा ठरावाच्या कागदावरच असू द्या.